मालोजीअण्णांचा काटा आणि माझा लहरी घाम

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी एका वजनकाट्याला फसवलं. माणसांना फसवणारे पुष्कळ असतात. मी निर्जीव काटा निवडला. तोही सोनाराचा नाही की भाजीवालीचा नाही. डोंगराच्या पायथ्याशी चिंचेच्या झाडाखाली ठेवलेला, आमच्याच जिवाच्या काळजीने आगगाडीतून उचलून आणलेला काटा. फायदा काय झाला? पावणेतीन किलो कमी भरले, तेही फक्त वहीत. आज सत्तरीत मला त्या बाईचं हसू येतं. तेव्हा मात्र ती स्वतःला भलतीच हुशार समजत होती.

काटा मालोजीअण्णांचा होता.

चिकपेटेत, साड्यांच्या ठोक दुकानांची गर्दी संपून लोखंडी सामानाची सुरू होते तिथल्या एका बोळात अण्णांचं तराजू-काट्यांचं दुकान होतं. तिसरी पिढी. विक्री थोडी, दुरुस्ती फार. घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलुखात आलेलं, पण अण्णा ते असं सांगत की जणू परवाच घोड्यावरून उतरले. "आम्ही आलो तेव्हा इथे तळं होतं, अक्का." मी पुण्याहून मुलाकडे बनशंकरीला येऊन जेमतेम वर्ष झालेलं, मला तोवर कुणी अक्का म्हटलं नव्हतं. अण्णा सरसकट सगळ्यांना अक्का नाहीतर तम्मा, म्हणजे ताई नाहीतर धाकटा भाऊ, म्हणत, आणि सगळ्यांना 'तू'. त्यांच्या मराठीत कानडी शब्द असे मिसळलेले असत की आपण आता कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत आलो हे त्यांना तरी कळत होतं की नाही, देव जाणे.

चण बारीक, काटक. चष्म्याला काळा दोरा. आणि एक विचित्र सवय: हे गृहस्थ कशालाही टेकत नसत. भिंतीला नाही, दाराला नाही, आगगाडीतल्या दांडीलासुद्धा अगदी नाइलाज झाला तरच. कुणी काट्यावर उभं राहिलं की दोन्ही हात पाठीमागे बांधत. "वजन करणाऱ्याचे हात दिसले पाहिजेत, नाहीतर मागे तरी पाहिजेत," म्हणत. बाजारात कुठल्या वाण्याचा अंगठा पारड्यावर रेलतोय हे त्यांना रस्त्याच्या पलीकडून कळे.

तर हे अण्णा आमच्या मराठी मंडळातल्या दहा-बारा टाळक्यांना दर रविवारी डोंगरावर नेत. सकाळी येलहंका जंक्शनवर जमायचं, गाडी पकडायची, पुढच्या एका लहानशा स्टेशनावर उतरायचं, आणि रुळांपासून चालत गेलं की डोंगर. दोन तास चढ, दीड तास उतार. अण्णांच्या खांद्यावर रेक्झिनची पिशवी आणि तिच्यात तो पत्र्याचा सपाट काटा, वर गोल तबकडी. पायथ्याशी चिंचेखाली सिमेंटचा बाक होता. त्याच्या पुढ्यात काटा मांडायचा, आधी अण्णांनी स्वतः चढायचं आणि ओरडायचं, "चौसष्ट!" चौसष्ट कधी मागे नाही, पुढे नाही. मग एकेकाला, "चप्पल काढ, चढ." आणि आकडा दुकानातल्यासारखा खणखणीत आवाजात. ठोक व्यापाराची सवय. आकडा पुकारला नाही तर तो झालाच नाही.

चढायच्या आधी एकदा, उतरल्यावर एकदा. मधल्या फरकावरून कुणाचा किती घाम गेला ते कळे. तीनचार रविवार झाले की प्रत्येकाला एक बाटली मिळे, तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव आणि दोन रेघा: इथवर चढताना, इथवर उतरताना. आत लिंबू, मीठ, साखर, सोनाराच्या छोट्या तराजूवर तोललेली. पण तेवढ्यावरून त्यांना पावडरी आणि डबे यांचे शत्रू समजू नका. कुणी दुकानातली पावडर आणली तर तीही ते तितक्याच प्रेमाने तोलून देत. त्यांचं म्हणणं एवढंच, "बाटलीत काय आहे ते मग सांग. आधी तुझ्यातून काय गेलं ते बघू."

हे मला पहिल्या रविवारी ठाऊक नव्हतं. माझी सून मॅरेथॉन पळते. स्वयंपाकघरात जो कप्पा माझ्या लोणच्यांचा व्हायला हवा होता तिथे तिचे डबे. ते बघून माझी अशी समजूत झाली की शक्ती ही डब्यात असते आणि जिला डबे परवडतात ती डोंगर चढते. म्हणून मी पहिल्या रविवारी बरोबर काय नेलं? एनर्जी ड्रिंकचे दोन डबे. चिमटीत पिळून खायच्या गोड चिकट पुड्या सहा. चघळायच्या खारट गोळ्या. संत्र्याच्या वासाच्या पावडरीचा अख्खा डबा. आणि चॉकलेटात बुडवलेल्या पुठ्ठ्यासारख्या चवीच्या दोन प्रोटीनवड्या. एव्हरेस्टवर निघालेल्या माणसानेही थोडा संकोच केला असता.

अण्णांनी माझी पिशवी हातातल्या आकडीच्या काट्याला अडकवली. "चार किलो शंभर!" मग मला विचारलं, "अक्का, ही शक्ती वर न्यायला जी शक्ती लागेल, ती यातल्या कुठल्या डब्यात आहे?"

सगळे हसले. सुलभाताई जरा जास्तच हसल्या. या पार्ल्याच्या, वजन साडेअठ्ठावन्न, आणि ते पुकारलं जाताना त्यांचा चेहरा आरती ऐकल्यासारखा व्हायचा.

अण्णांनी मात्र एकेक डबा घेऊन भिंगातून बारीक अक्षरं वाचली. काट्यांवरचे शिक्के वाचायचं भिंग ते. "सकाळपासून चहा किती झाला?" म्हणाले.

"दोनदा."

"मग हा डबा आज राहू दे. यात पुन्हा तीच तरतरी आहे. छाती धडधडेल आणि तू म्हणशील डोंगर उभा आहे." मी फुरंगटून म्हटलं, म्हणजे हे सगळं वाईटच ना? तर मान हलवून म्हणाले, "डबा वाईट नाही, अक्का. डब्याला तू कोण ते माहीत नाही, एवढंच."

मग मला काट्यावर चढवलं.

"एक्काहत्तर दोनशे!"

दूरवर एक म्हातारा शेळ्या चारत होता. तोसुद्धा वळून बघायला लागला. मंडळाच्या हळदीकुंकवात मी नुकतंच, कुणी न विचारता, सांगून बसले होते की मी बासष्टच्या वर कधी गेलेच नाही.

चिन्मयची गोष्ट मध्येच सांगते, कारण तिच्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत. हा व्हाइटफील्डला कंप्युटरवाला, पन्नास किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करणारा. पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडापाशी. बिचाऱ्याच्या पोटात दर रविवारी कळ यायची आणि तो झुडपांमागे धावायचा. अण्णांनी त्याची पावडर मागितली.

"अण्णा, इट्स सायंटिफिक. एक स्कूप, तेवढंच. मी कधीच जास्त घेत नाही."

"सरी, बरं. तोच चमचा दे. तू भरतोस तसाच भर."

डब्यावर लिहिलेलं वीस ग्रॅम. अण्णांच्या तराजूवर भरले सत्तावीस. पुन्हा तोलले, सत्तावीस. "सात ग्रॅम वर, प्रत्येक घोटाला. तम्मा, झुडपामागे तू जात नाहीस, हे सात ग्रॅम जातात." चमचा बदलला आणि चिन्मयची झुडपं सुटली. पण अण्णांचं समाधान झालं नाही. त्यांनी त्या कंपनीला पत्र लिहिलं, बरोबर चमच्याची आकृती काढून. कंपनीने आभाराचं पत्र आणि एक डबा फुकट पाठवला. अण्णांनी तो परत केला. वर लिहिलं, मी डबा मागितला नव्हता, चमचा मागितला होता.

असा हा माणूस. आणि त्याच्या काट्याशी मी काय केलं?

दुसऱ्या रविवारी काट्यावर उभी राहिले तेव्हा तोल जाईल असं वाटून मी मागच्या बाकाच्या पाठीला हात लावला. अण्णा म्हणाले, "सत्तर पाचशे!" एका आठवड्यात सातशे ग्रॅम! मला काही कळेना. मग कळलं. आणि कळल्यावर मी हात काढला का? तिसऱ्या रविवारी मी ओढणी नीट मागे पसरली आणि तिच्याखालून बाकावर तळवा चांगला दाबला. "एकोणसत्तर सहाशे!" अण्णांना दिसलं कसं नाही? बायका काट्यावर असताना ते तबकडीशिवाय कुठे बघतच नसत. त्यांच्या सभ्यतेवर मी डल्ला मारला.

चौथ्या रविवारपर्यंत सगळे विचारायला लागले, वहिनी, तुम्ही घेता तरी काय? आता खरं सांगायची वेळ होती. मी म्हटलं, "ती हिरवी पावडर." सुनेच्या कप्प्यात कसलीशी हिरवी पावडर होती, मी तिचं झाकणही उघडलं नव्हतं. त्याच संध्याकाळी सुलभाताईंनी ती मागवली. मग आणखी चौघांनी. पुढच्याच रविवारी पायथ्याशी हिरव्या मिशा दिसल्या.

फक्त अण्णांची वही कुरकुरत होती. मी कधी किती दाबी, कधी किती, त्यामुळे कधी माझा घाम दोनशे ग्रॅम जाई तर कधी दोन किलो. अण्णा वहीत बघत, माझ्याकडे बघत, आणि काळजीने म्हणत, "अक्का, तुझा घाम फार लहरी आहे." बाटली हाती आली, तरी माझ्या रेघा ठरेनात. इतरांच्या रेघा ठरल्या होत्या, माझ्यासाठी ते रात्री वही घेऊन बसत, असं नंतर कळलं.

पाचवा रविवार मार्चमधला. जाताना मी अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात दाबला नसेल असा हात दाबला. "अडुसष्ट चारशे!" टाळ्या झाल्या. ऊन मी म्हणत होतं. वर अण्णांची बाटली प्यायले, आणि चोरून आणलेला एनर्जी ड्रिंकचा डबाही. छाती धडधडली. डोंगर उभा वाटला. अण्णा म्हणाले होते तस्सं.

खाली आले तर बाकावर सुलभाताई आडव्या. हात टेकायला जागाच नाही. डोकं चालत नव्हतं. मी आपली काट्यावर चढले, पहिल्या रविवारनंतर पहिल्यांदाच प्रामाणिकपणे.

अण्णा ओरडले नाहीत. वाकून तबकडी पाहिली, पुसली, परत पाहिली. "सत्तर," असं हळूच म्हणाले. मग वहीत बघितलं. "एक किलो सहाशे वाढलीस. चढून, उतरून, वाढलीस?"

मी चप्पल शोधू लागले.

"बाटलीशिवाय काय प्यायलीस?"

"एक डबा," मी कबूल केलं. म्हटलं एवढ्याने भागेल. पण अण्णांनी रिकामा डबा मागून घेतला, भिंगातून वाचला आणि मनात हिशोब केला. "पाव किलो. उरलेलं एक किलो साडेतीनशे ग्रॅम कुठून आलं?" मी सांगू शकले असते. सुलभाताई बाकावर उठून बसल्या होत्या, ओठांवर हिरवी मिशी. मी म्हटलं, "ओढ्याचं पाणी असेल प्यायले थोडं. आठवत नाही."

'आठवत नाही' म्हटलं मात्र, अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळ्यांना सांगितलं: गरजेपेक्षा फार पाणी प्यायलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, माणूस भ्रमिष्ट होतो, यात जीव जाऊ शकतो. हिला आता पाण्याचा थेंब द्यायचा नाही. तडक दवाखाना.

येलहंक्यापर्यंतचा तो प्रवास मी विसरणार नाही. जीभ टाळूला चिकटलेली. समोर सुलभाताई शहाळं पीत होत्या, हळूहळू. शेजारी अण्णा, मला एकेक खारा शेंगदाणा भरवत. दर पाच मिनिटांनी विचारत, "अक्का, तुझं नाव काय? आज वार कोणता?" मी चिडून म्हटलं, "रविवार! आणि माझं नाव मूर्ख!" अण्णा घाबरून चिन्मयला म्हणाले, "तम्मा, वाढत चाललंय."

दवाखान्यात एका पोरसवदा डॉक्टरणीने रक्त तपासलं, माझी जीभ बघितली आणि म्हणाली, "इवरिगे नीरु कोडी." यांना पाणी द्या! इतकं गोड कानडी मी आजवर ऐकलेलं नाही. मग ती अण्णांकडे वळली: यांना पाणी जास्त झालेलं नाही, कमी पडलंय. कुणी अडवलं यांना?

अण्णा उभे होते. हात पाठीमागे. एवढंच म्हणाले, "मग काटा चुकला."

मी तांब्याभर पाणी पीत होते. तेव्हाही बोलले नाही.

पुढच्या रविवारी निरोप आला, चढाई बंद. त्याच्या पुढच्या रविवारीही. चिन्मय दुकानात जाऊन आला. सांगू लागला, अण्णांनी काटा खोलून ठेवलाय. तीनदा स्प्रिंग बदलली, दोष सापडत नाही. दोष सापडत नाही म्हणून जास्तच खचलेत. सगळ्यांना बाटल्या फेकून द्यायला सांगितल्यात. म्हणतात, तहानलेल्या बाईचं पाणी मी तोडलं, उद्या आणखी कुणाचं काय करेन. काटा भंगारात देणार आहेत. पुन्हा कुणाला डोंगरावर नेणार नाहीत.

त्याच दिवशी सुलभाताईंचा फोन आला की हिरव्या पावडरीने त्यांचं वजन किलोभर वाढलंय, हे कसं? मी फोन ठेवला आणि बसने चिकपेटला गेले.

अण्णा वर्तमानपत्रावर काट्याचे भाग मांडून बसले होते. मी दारातूनच म्हटलं, "अण्णा, काटा बरोबर आहे."

वर न बघता म्हणाले, "अक्का, तुला काट्यातलं काय कळतं?"

"काट्यातलं नाही. हातातलं कळतं." आणि मी त्यांच्या गल्ल्यावर तळवा ठेवून दाबून दाखवलं. बाक, ओढणी, चारही रविवार, हिरवी पावडर, सगळं सांगितलं. सांगताना हुंदके देत होते. बाहेरचे हमाल थांबून बघत होते.

अण्णांनी हातातली स्प्रिंग खाली ठेवली. मग उठले. दुकानातला धान्याची पोती तोलायचा मोठा काटा पुढे ओढला. "चढ." मी चढले. "हात वर." मी वर केले. मग माझ्या बाजूला स्टूल ठेवलं. "आता त्या दिवशी दाबलास तेवढा दाब." मी दाबला. काटा हलला. "काढ. परत दाब." असं सातआठ वेळा. मग त्या माणसाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता नाचतात. "पावणेतीन! पावणेतीन बसतात! म्हणजे गेलीस ती एक्काहत्तर दीडशेची, आलीस ती सत्तरची. एक किलो दीडशे घाम, बरोब्बर! अगदी बरोब्बर, अक्का!"

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावतो. आधी स्प्रिंग बसवू दे."

पण ते रागवायचं राहूनच गेलं. एकच शिक्षा केली: हिरव्या पावडरीचं मी स्वतः सगळ्यांना सांगायचं. मी सांगितलं. सुलभाताई मिनिटभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी तीन आठवडे उगाच शेवाळ प्यायले?" त्या माझ्याशी दोन महिने बोलल्या नाहीत. आता आम्ही जिवलग आहोत. बाकाचं अण्णा कधीच कुणाला बोलले नाहीत. फक्त पुढच्या रविवारपासून काटा बाकापासून दहा पावलं लांब मांडला जाऊ लागला. आणि सगळ्या मंडळात माझा एकटीचा आकडा ते माझ्या कानात सांगत. माझा घामही सुधारला. तासाला इतका म्हणजे इतका. बाटलीवरच्या रेघा पक्क्या झाल्या. त्या बाटलीनिशी मी पुढे दहा वर्षं डोंगर चढले.

मग अण्णांनी चढणं सोडलं. आधी गुडघे म्हणाले, मग काहीच म्हणाले नाहीत. पण यायचे. चिंचेखाली बसायचे, बाकाला न टेकता, आणि आम्हाला चढताना-उतरताना तोलायचे. स्वतः काट्यावर चढणं मात्र त्यांनी हळूच थांबवलं होतं. ते कुणी विचारलं नाही. सदरा दर महिन्याला मोठा होत चालला होता, ते दिसत होतं.

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार. सगळे वर निघून गेले होते. माझाही एक गुडघा आता अण्णांच्या बाजूचा झालाय, म्हणून मी खालीच होते. अण्णा एकदम उठले, चप्पल काढली आणि काट्यावर चढले. हात पाठीमागे, तोंड डोंगराकडे. "चष्मा राहिला घरी. अक्का, वाच."

मी मागून वाकून पाहिलं. एक्कावन्न.

चौसष्टचे एक्कावन्न. मला तो आकडा तोंडातून काढवेना. मी जवळ सरकले, साडीचा घोळ पुढे घेतला आणि पायाचा अंगठा काट्याच्या मागच्या कडेवर ठेवून हळूच दाबला. काटा सरकला. बावन्न, चोपन्न, छप्पन्न. माझ्या मनात साठपर्यंत न्यायचं होतं. काट्याला फसवायची ही माझी दुसरी खेप, आणि या खेपेला मी खरोखर हुशार होते. मी अण्णांच्या दुकानी आवाजात ओरडले, "सत्तावन्न!"

अण्णा डोंगराकडेच बघत होते. मागे वळले नाहीत. म्हणाले, "अक्का, पाय काढ. आणि आता परत वाच, मोठ्याने."